शेततळ्यातले थर आणि मॉडेलची निवड

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शिंदखेडा तालुक्यात एक अस्तर घातलेलं शेततळं आहे, ३० × ३० मीटर, खोली ३ मीटर. त्यात रोहू-कटला सोडलेत. उन्हाळ्यात पाण्यात थर धरतो, म्हणजे तापलेलं पाणी वर आणि गार पाणी खाली असं वेगळं राहतं, आणि वळवाचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी पहाटे मासे वर येऊन तडफडतात. एम.टेक.च्या प्रबंधासाठी तुम्हाला या तळ्यातला प्रवाह संगणकावर उभा करायचाय. गाइड म्हणतात फ्लुएंट, मित्र म्हणतो डेल्फ्ट३डी, वाचनात सीई-क्वाल-डब्ल्यू२ आलंय; तिन्ही पाण्याचं वागणं संगणकावर मांडणारी सॉफ्टवेअरं. हाताशी १६ जीबीचा लॅपटॉप. पुढे जमलं तर हेच काम तापीवरच्या हतनूर धरणावर न्यायचंय.

माझं मत आधीच टाकतो. शेततळ्यासाठी जीएलएम (फक्त खोलीनुसार बदल धरणारं सरोवरांचं मॉडेल) घ्या, पण ताशी हवामानावर चालवा. ते जमलं की प्रबंधाचा निम्म्याहून जास्त भाग उभा राहिला. त्यानंतरही प्रवाहाचं चित्र लागलंच तर डेल्फ्ट३डी, तेही झेड थरांत (सपाट थर), सिग्मात (तळाबरोबर वाकणारे थर) नाही. हतनूरसाठी डब्ल्यू२. फ्लुएंट नको. आता यातलं प्रत्येक का, ते सांगतो, कारण तोंडी परीक्षेत तेच विचारतात.

पहिली गोष्ट, तुम्हाला खरंच ‘प्रवाह’ हवाय का ते तपासा. पाणी इकडून तिकडे वाहिलं म्हणून मासे मरत नाहीत. तळाशी गाळ, विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून ऑक्सिजन संपलेलं पाणी साठलेलं असतं, ते वर मिसळतं. त्यात ढगाळ दिवसामुळे शेवाळाने ऑक्सिजन कमी तयार केलेला असतो आणि रात्रभर सगळ्या जिवांनी तो ओढलेला असतो. म्हणून घात पहाटे होतो. म्हणजे तुमचा खरा प्रश्न: थर कधी मोडतो, आणि मोडतो तेव्हा किती खोलवर मोडतो. हा प्रश्न उभा आहे, आडवा नाही. तळ्यात उतरलेला कोणीही शेतकरी सांगेल, ‘वरनं पानी तपेल शे, खालनं थंडं.’ पूर्वेच्या कोपऱ्यात पाणी वेगळं आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात वेगळं, असं कोणी म्हणत नाही. एकमितीय, म्हणजे फक्त खोली धरणाऱ्या मॉडेलचं गृहीतक हेच आहे.

पण अनुभवावर भागत नाही, आकडा लागतो. थराची ताकद तापमानाच्या फरकावर ठरत नाही, घनतेच्या फरकावर ठरते. पाठ्यपुस्तकांतली बहुतेक उदाहरणं थंड मुलखातल्या सरोवरांची. तिकडे पाणी १० अंशांवरून ११ वर गेलं की घनता घनमीटरमागे जेमतेम ०.१ किलोने उतरते. आपल्याकडे ३० वरून ३१ वर गेलं की ०.३ किलोने उतरते. आपला एक अंश तिकडच्या तीन अंशांच्या तोडीचा. त्यामुळे ‘वर-खाली फक्त तीन अंशांचा फरक आहे, त्यात काय थर’ असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. याच कारणाने मॉडेलमधलं घनतेचं सूत्र उघडून बघा. काही ठिकाणी सरळ रेषेचं सूत्र असतं आणि प्रसरणाचा गुणांक २० अंशांचा टाकलेला असतो. तो ३० अंशांच्या पाण्याला लावला तर थराची ताकद सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसते आणि मॉडेल प्रत्येक वाऱ्याला तळं ढवळून टाकतं. मग माणूस वाऱ्याला दोष देत बसतो.

आता वारा. वेडरबर्न आकडा काढा, म्हणजे वाऱ्याच्या ताणापुढे थर किती तग धरतो त्याचं माप. पाच मिनिटांचं काम आहे. वरच्या थराची जाडी १ मीटर, वर ३३ अंश, खाली ३० अंश धरू. घनतेतला फरक सुमारे ०.९५ किलो, त्यावरून कमी झालेलं गुरुत्व (घनतेच्या फरकामुळे थरावर उरणारा गुरुत्वाचा अंश) साधारण ०.००९३ मीटर प्रति सेकंद वर्ग. सेकंदाला ५ मीटरचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर ०.०३७ पास्कलच्या आसपास ताण देतो. त्याला पाण्याच्या घनतेने भागलं की ०.००००३७५. थराच्या जाडीचा वर्ग गुणिले कमी झालेलं गुरुत्व, भागिले हा आकडा आणि तळ्याची ३० मीटर लांबी यांचा गुणाकार. उत्तर येतं ८ च्या पुढे. आकडा १ च्या बराच वर असला की थर वाऱ्याला दाद देत नाही, जरासा तिरपा होतो इतकंच. वारा दुप्पट, म्हणजे सेकंदाला १० मीटर झाला तर आकडा चौपट उतरतो, २ वर येतो. थरही अर्ध्या मीटरचाच असेल तर ०.५ वर, आणि तिथे मात्र खालचं पाणी वारा येतो त्या बाजूच्या बांधाशी वर येतं. म्हणजे शेततळ्यात रोजचा वारा गौण, वावधान, म्हणजे वादळी वारा, मात्र गौण नाही.

हीच आकडेमोड १० किलोमीटर लांबीच्या जलाशयाला लावा, थर ५ मीटर जाडीचा धरा, वारा तोच साधा ५ मीटरचा. आकडा ०.६ वर येतो. म्हणजे मोठ्या जलाशयात थर झुकतो, टोकाला उसळतो, आणि एकच खांब धरून केलेलं गणित अपुरं पडतं. मॉडेलची निवड इथे ठरते. कोणतं सॉफ्टवेअर नवं आहे किंवा कोणाची चित्रं रंगीत येतात यावर नाही.

पृथ्वीच्या भ्रमणाचाही परिणाम याच वेळी निकालात काढा. आपण २१ अक्षांशावर आहोत. वरच्या थरासाठी रॉसबी त्रिज्या, म्हणजे किती अंतरापुढे हे भ्रमण जाणवतं ते, काढली तर दीड किलोमीटरच्या आसपास येते. तीस मीटरच्या तळ्याला त्याचं सोयरसुतक नाही, तो पर्याय बंद ठेवा.

रोजच्या वाऱ्याने थर मोडत नाही, तर मग कशाने मोडतो? रात्रीच्या थंडाव्याने. पृष्ठभाग रात्री चौरस मीटरमागे २०० वॅट उष्णता सोडत असेल तर गार झालेलं पाणी खाली उतरतं, आणि तीन मीटर खोलीच्या तळ्यात त्याचा वेग सेकंदाला ७-८ मिलिमीटर येतो. वरून तळ गाठायला सहा-सात मिनिटं पुरतात, जर वाटेत थंड थराने अडवलं नाही तर. बहुतेक रात्री हे मिश्रण अर्ध्या वाटेवर अडतं, दुपारचा थर पुसला जातो आणि तळाचा जुना थर तसाच राहतो. वळीव येतो तेव्हा ढगांमुळे दुपारची भर नसते, पावसाचं पाणी गार असतं, वाराही असतो, आणि त्या रात्री मिश्रण तळापर्यंत पोचतं. तुमच्या माशांची गोष्ट बहुधा एवढीच आहे, पण ‘बहुधा’ काढून टाकायलाच मॉडेल करायचं.

म्हणूनच मी ताशी हवामानाचा आग्रह धरतो. दिवसाच्या सरासरीवर मॉडेल चालवलं तर दुपार आणि रात्र यांची गोळाबेरीज होऊन तळं सदा कोमट दिसतं. सरासरी तापमान बरोबर येतं, आलेखही गुळगुळीत येतो, आणि ज्या घटनेसाठी हे सगळं केलं ती त्यात नसतेच.

एकमितीय मॉडेलांत निवड करायची तर तीन नावं पुरेशी आहेत. एफलेक हे जर्मन हवामान खात्यातल्या दिमित्री मिरोनोव्ह यांनी हवामान अंदाजासाठी तयार केलेलं. पाण्याचा वरचा एकजीव थर आणि खालचा तापमानाचा एका ठरावीक आकाराचा वक्र, एवढ्यावर ते चालतं. क्षणात उत्तर देतं, पहिल्या चाचणीला छान, पण ऑक्सिजन त्यात नाही. सिमस्ट्रॅट स्वित्झर्लंडच्या एआवाग संस्थेचं. खळबळीचं गणित के-एप्सिलॉन पद्धतीने करतं आणि जाळी हवी तितकी बारीक करता येते. जीएलएम ऑस्ट्रेलियात, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात वाढलं. त्यात थर स्वतः जाड-बारीक होतात, एकमेकांत मिसळतात, आणि एईडी नावाचं पाणी-गुणवत्तेचं जोडकाम सोबत येतं. ऑक्सिजनसाठी मी तुम्हाला जीएलएम सांगतोय ते त्यामुळे. तिन्ही मोफत आहेत. जीएलएममध्ये थराची किमान जाडी मोठ्या सरोवरांच्या हिशेबाने ठेवलेली असते, ती ५ ते १० सेंटिमीटरवर आणा, नाहीतर तीन मीटरच्या तळ्यात पाच-सहाच थर पडतील. खोलीनुसार क्षेत्रफळाचा तक्ता सोपा आहे: उतार १:१ असेल तर वर ९०० चौरस मीटर, तळाला २४ × २४ म्हणजे ५७६, एकूण पाणी २,१९६ घनमीटर. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं सर्वांत मोठं माप हेच होतं, त्यामुळे तुमचं काम इतर कितीतरी तळ्यांना लागू पडेल. हे प्रस्तावनेत लिहा.

दोन गोष्टी मात्र कोणत्याही मॉडेलमध्ये तुम्हालाच नीट द्याव्या लागतात, आणि बहुतेक प्रबंध इथेच ढिले पडतात: उजेड आणि बाष्पीभवन.

उजेड पाण्यात किती खोल जातो हा एकच आकडा थराचं सगळं रूप ठरवतो. सेकी तबकडी (पाण्याची नितळता मोजायची गोल चकती) बुडवा, ती दिसेनाशी होते ती खोली मीटरमध्ये घ्या, १.७ ला तिने भागा. ढोबळ क्षीणन गुणांक, म्हणजे खोलीबरोबर उजेड किती झपाट्याने घटतो ते, मिळाला. हिरवंगार किंवा गढूळ पाणी असेल, तबकडी अर्ध्या-पाऊण मीटरवर नाहीशी होत असेल, तर गुणांक ३ च्या घरात. सगळी उष्णता वरच्या मीटरभरात अडकते, तळाला उजेड जवळपास पोचतच नाही. पाणी नितळ असेल आणि गुणांक ०.५ असेल तर दिसणाऱ्या उजेडातला पाचवा हिस्सा तळाच्या प्लॅस्टिकपर्यंत जातो. काळं अस्तर तो शोषतं आणि तळं खालून तापतं. खालून तापलेलं पाणी वर उठतं, म्हणजे थर धरण्याऐवजी तळं दिवसाढवळ्या ढवळलं जातं. काही मॉडेलं तळाला पोचलेला उजेड चक्क हिशेबातून सोडून देतात, काही तो गाळाला देतात. तुमच्या मॉडेलमध्ये काय होतं ते मॅन्युअलमध्ये शोधा, नाही सापडलं तर कोडमध्ये शोधा. एकाच गावातली दोन शेततळी, एक हिरवं एक नितळ, एकाच दुपारी पूर्ण वेगळी वागतात ती यामुळे. आणि हा गुणांक एप्रिलपासून जूनपर्यंत स्थिर राहत नाही, म्हणून तबकडी एकदाच बुडवून भागणार नाही.

बाष्पीभवनाचं म्हणाल तर खान्देशच्या मे महिन्यात उष्णतेच्या हिशेबात त्याच्याइतकी मोठी खर्चाची बाजू दुसरी नाही. दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडालं तर चौरस मीटरमागे १० लिटर. एक लिटर उडायला सुमारे २.४ मेगाज्यूल लागतात, म्हणजे दिवसाला २४ मेगाज्यूल. दिवसभर मिळून सूर्य साधारण तितकीच देतो. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून तुमचं तापमान निघणार, तेव्हा आर्द्रतेत केलेली हयगय थेट अंशांत उमटते. नेहमी दिसणारा घोळ असा: तापमान ताशी मिळतं, आर्द्रता मात्र दिवसाची सरासरी मिळते, आणि दोन्ही सरळ जोडली जातात. दुपारी ४३ अंशांना सरासरी ४० टक्के आर्द्रता लावली की हवेत जितकी वाफ कधीच नव्हती तितकी मॉडेलला दिसते आणि बाष्पीभवन खाली येतं. ताशी आर्द्रता मिळत नसेल तर दवबिंदू दिवसभर स्थिर धरा, ते सत्याच्या खूप जवळ आहे.

हवामान कुठून आणायचं? तुमच्या महसूल मंडळातलं महावेधचं स्वयंचलित हवामान केंद्र तापमान, आर्द्रता आणि पावसाला चांगलं. पीकविम्यामुळे गावागावात त्याचं नाव माहीत आहे. सूर्यप्रारण इआरए५ मधून घ्या, म्हणजे युरोपच्या हवामान केंद्राने मॉडेल आणि निरीक्षणं जोडून तयार केलेल्या जागतिक नोंदींतून. पण तिथे दोन फास आहेत. वेळ जागतिक असते, आपली साडेपाच तास पुढे. ताशी आकड्यांना अर्ध्या तासाची फोड करावी लागते, ती टाळली तर सूर्य अर्धा तास आधी किंवा उशिरा उगवतो. आणि प्रारण तिथे मागच्या तासाभराची साठलेली ऊर्जा म्हणून दिलेलं असतं, ३,६०० ने भागल्यावर वॅट मिळतात. वारा मात्र तिथून घेऊ नका. त्याची चौकट पंचवीस-तीस किलोमीटरची, आणि तुमच्या तळ्याभोवती उकरलेल्या मातीचा बांध, शेजारी केळी, केळीला वाऱ्यापासून वाचवायला लावलेली शेवरी नाहीतर गजराज गवत. या आडोशात पाण्यावर पोचणारा वारा केंद्रावरच्या वाऱ्याच्या निम्म्यानेही नसेल. आणि ताण वाऱ्याच्या वर्गाने जातो. तळ्याच्या बांधावर स्वतःचं वारामापक लावा. महिनाभर जरी लावलं तरी केंद्राच्या आकड्यांशी गुणोत्तर काढून उरलेला हंगाम भरता येतो.

जुळवणी करताना फक्त दोनच खुंट्या पिळा, उजेडाचा गुणांक आणि वाऱ्याचा गुणक, आणि दोन्ही मोजलेल्या आकड्यांच्या आसपास ठेवा. पाचपंचवीस गुणांक हलवून आलेख जुळवता येतो, पण त्यात तळं राहत नाही. आणि चूक मोजायची ती वर-खाली तापमानातल्या फरकाची, आणि थर मोडण्याच्या वेळेची. ‘तापमानातली सरासरी चूक १ अंश’ असं लिहिलेलं छान दिसतं, पण ज्या तळ्यात अख्खा थरच दोन अंशांचा आहे तिथे त्याला काही अर्थ नाही.

आता त्रिमितीय मॉडेल. ते लागतं कधी? बोअरचं पाणी एका कोपऱ्यातून सोडल्यावर कुठे जातं, एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) कुठे बसवावा, असा आडवा प्रश्न असेल तेव्हा. हा प्रश्न रसाळ आहे, आणि प्रबंधात दुसरं प्रकरण म्हणून शोभेल. बोअरचं पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाचं येतं. मे महिन्यात तळ्याचा पृष्ठभाग त्याहून तापलेला, म्हणून ते अस्तराच्या उतारावरून घसरत तळ गाठतं. डिसेंबर-जानेवारीत तळं बोअरपेक्षा गार, तेव्हा तेच पाणी वर तरंगतं. पाइप तोच, जागा तीच, वागणं उलटं. खोलीची सरासरी घेणारं द्विमितीय मॉडेल, मग ते हेक-रास असो की दुसरं, हे कधीच दाखवू शकणार नाही.

क्षारांचाही हिशेब धरा. लिटरमागे एक ग्रॅम क्षार घनमीटरमागे पाऊण किलोच्या आसपास घनता वाढवतात, म्हणजे आपल्या पाण्यात सुमारे अडीच अंशांच्या फरकाइतकं काम करतात. बोअरचा टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) १,५०० असेल आणि वर पावसाचं गोडं पाणी आलं, तर तापमान सारखं असूनही थर टिकतो. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, दर वेळी वर-खाली दोन्हीकडे बुडवा. याच कारणाने पाणी कुठे जातं त्याचा माग काढण्यासाठी तळ्यात मीठ टाकू नका. मोजायला गेलात तो थरच तुम्ही बदलून बसाल.

डेल्फ्ट३डी हे नेदरलँड्सच्या डेल्टारेस संस्थेचं, खुलं आहे, मुख्यतः खाड्या आणि किनाऱ्यांवर वाढलेलं. म्हणून तळ्यात आणताना तीन जागी लक्ष ठेवा.

पहिली जागा थरांची मांडणी. सिग्मा पद्धतीत थर तळाच्या उताराबरोबर वाकतात, दर ठिकाणी तेवढेच थर. समुद्रात उतार मंद असतो, तिथे हे शोभतं. शेततळ्याचा उतार १:१. मध्यावर दीड मीटर खोलीवर असलेला थर बांधाजवळ अर्ध्या मीटरवर येतो, आणि मॉडेल त्या थराच्या बाजूने आडवा फरक काढायला जातं तेव्हा गार पाण्याची तुलना तापलेल्या पाण्याशी होते. त्यातून खोटा दाब तयार होतो आणि खोटा दाब खोटा प्रवाह चालवतो. तळ्यातले खरे प्रवाह सेकंदाला एक-दोन सेंटिमीटरचे, खोटेही त्याच मापाचे, ओळखायचे कसे? चाचणी सोपी आहे. वारा बंद, उष्णता बंद, आवक-जावक बंद. वर ३३ आणि खाली ३० अंश, थर सपाट. आणि दोन दिवस चालवा. पाणी हलायला काहीच कारण नाही. जो काही वेग दिसेल तो सगळा मॉडेलचा. सिग्मात ही चाचणी चालवून चित्र ठेवा, मग झेड थरांत चालवून दुसरं चित्र ठेवा. गाइडना दाखवायला याहून बोलकं काही नाही. झेड थरांचाही दोष आहे: उतार पायऱ्यांचा होतो आणि बोअरचं घसरणारं गार पाणी दर पायरीवर जास्तच मिसळतं. पण तो दोष माहीत असलेला आहे, त्याची दिशाही माहीत आहे.

दुसरी जागा आडव्या विसरणाचा गुणांक, म्हणजे पाणी आडवं किती झपाट्याने मिसळतं असं मॉडेलने धरायचं ते. खाडीसाठी सेकंदाला १ ते १० चौरस मीटर हे आकडे रुळलेले आहेत. ३० मीटरच्या तळ्यात १० टाकले की दीड मिनिटात एका बांधाकडचं पाणी दुसऱ्या बांधापर्यंत पसरतं. तळं नाही, मिक्सर झाला. हजारपटीने खाली या. उभ्या दिशेत के-एप्सिलॉन ठेवा आणि पार्श्वभूमीचा गुणांक (मॉडेल सगळीकडे कायम धरतं ते किमान मिश्रण) शून्याच्या जवळ, नाहीतर थर आपोआप विरतो आणि माणसाला वाटतं वाऱ्याने विरला.

तिसरी जागा वेळेचं माप. तुमच्या तळ्यात आतला थर हेलकावे घेतो, आणि वरचा थर मीटरभर, खालचा दोन मीटर धरला तर एका हेलकाव्याला बारा-तेरा मिनिटं लागतात. उत्तर तासातासाला साठवलंत किंवा सेन्सर तासाला एकदा वाचलात तर हेलकावा दिसणारच नाही, उलट खुळी मंद लाट दिसेल जी मुळात नाही. दोन मिनिटांचं वाचन ठेवा.

एक मीटरची चौकट आणि दहा सेंटिमीटरचे थर धरले तर जाळीची जास्तीत जास्त २७,००० खोकी होतात. तुमच्या लॅपटॉपवर अख्खा उन्हाळा चालवायला काही दिवस जातील, पण चालेल. जीएलएमला काही सेकंद लागतात, आणि म्हणून शंभर वेळा चालवून संवेदनशीलता बघणं तिथेच शक्य आहे.

फ्लुएंट किंवा त्याच जातीचं ओपनफोम याच कारणाने मागे पडतात, वाईट आहेत म्हणून नाही. रात्री खाली उतरणाऱ्या गार पाण्याच्या लोळांना खरोखर पकडायचं तर पाच सेंटिमीटरची खोकी लागतील. २,१९६ घनमीटरला ती पावणेदोन कोटी होतात, आणि वेळेचं पाऊल सेकंदाच्या अंशात. त्यावर तीन महिने चालवायचे म्हणजे महासंगणक हवा. आणि जाड खोकी घेतली तर फ्लुएंट वापरण्यात काही हशील राहत नाही, वर सूर्यप्रारण, बाष्पीभवन, रात्रीचं उत्सर्जन हे सगळं तुम्हालाच लिहून घालावं लागतं, जे जीएलएममध्ये तयार असतं. हे साधन वापरायचंच असेल तर पाइपाच्या तोंडापाशी वापरा: वरून पडणारी धार, तिच्याबरोबर आत जाणारी हवा, पहिले दोन मीटर. तिथे पाणी खरोखर उभ्या दिशेत वेगाने हलतं आणि डेल्फ्ट३डीचं द्रवस्थितिक गृहीतक (दाब म्हणजे फक्त वरच्या पाण्याचं वजन) मोडतं. गाइडना हाच मधला मार्ग सुचवा, त्यांचाही मान राहील.

मोजमापाशिवाय हे सगळं पोरखेळ आहे. डीएस१८बी२० हे तापमानाचे जलरोधक सेन्सर स्वस्त आहेत, पण कंपनीच अर्ध्या अंशाची हमी देते, आणि तुमचा थर तीन अंशांचा. सगळे सेन्सर एकाच बादलीत बुडवून, पाणी ढवळत, तीन-चार तापमानांना एकमेकांशी जुळवून घ्या. मग चूक दशांशावर येते. दोरीवर वरच्या मीटरमध्ये दर १५-२० सेंटिमीटरला एक, खाली अर्ध्या मीटरला एक. सर्वांत वरच्या सेन्सरला पांढरी टोपी घाला, नाहीतर तो पाणी नाही, ऊन मोजतो. प्रवाह मोजायला महागडं यंत्र मागू नका. पत्र्याचे दोन तुकडे आडवे-उभे जोडून थर्माकोलच्या तरंगत्या ठोकळ्याखाली हव्या त्या खोलीवर टांगा, बांधावर मोजून खुंट्या रोवा आणि मोबाइलने चित्रण करा. जीपीएसची चूक काही मीटरची असते, ३० मीटरच्या तळ्यात ती पचत नाही.

हतनूरबद्दल थोडंच लिहितो, कारण ते काम वेगळ्या मापाचं आहे. जलाशय नदीच्या आकाराचा लांबट, चांगदेवला तापीत पूर्णा मिळते, म्हणजे दोन फाटे. डब्ल्यू२ याच आकारासाठी आहे: लांबी आणि खोली दोन्ही धरतं, रुंदीची सरासरी घेतं, फाटे जोडू देतं, आणि कोणत्या पातळीवरून पाणी सोडलं त्यानुसार कोणता थर बाहेर ओढला जातो तेही काढतं. त्याचं मूळ १९७५ चं, सध्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठ ते सांभाळतं. पावसाळ्यात ४१ दरवाजे उघडले की थराचा प्रश्नच उरत नाही, पाणी सरळ निघून जातं. तुमचा हंगाम दरवाजे बंद झाल्यापासून पुढच्या जूनपर्यंतचा. तिथली अडचण मॉडेलची नाही, तळाच्या नकाशाची आहे. गाळ भरपूर साचलाय, बांधकामाच्या वेळचा नकाशा वापरून काढलेली खोली खोटी येते. अलीकडचं गाळ-सर्वेक्षण पाटबंधारे खात्याकडे आणि नाशिकच्या मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेकडे अर्ज करून आधी मागा. ते हाती आल्यावरच हतनूर प्रबंधात घ्या. जलपर्णीने झाकलेल्या भागात वारा आणि उजेड दोन्ही अडतात, तेवढा भाग उपग्रहाच्या चित्रावरून वेगळा मोजावा लागेल.

सध्यापुरतं शेततळं पुरे. सेन्सरची दोरी एप्रिलच्या आत पाण्यात जायला हवी, कारण तुम्हाला पकडायचाय तो पहिला वळीव, आणि तो जूनची वाट बघत नाही. त्या रात्री शेतकऱ्याला एअरेटर चालवू द्या, तुमच्या मोजमापासाठी बंद ठेवायला लावू नका. फक्त चालू-बंदची वेळ लिहून घ्या. जीएलएममध्ये एअरेटरसाठी वेगळी सोय करावी लागते, तिथवर पोचलात की लिहा.